घाटावरची तारली: तेलकट लहान मासळी घरी नीट करून रांधायची कशी

पहिल्यांदा बांगडे घरी आणले तेव्हा मी त्यांचा तांबडा रस्सा केला होता. सुकं खोबरं, तीळ, खसखस आणि कांदा भाजून वाटण, वर दोन मोठे चमचे कांदा-लसूण चटणी आणि मंद आचेवर पाऊण तास. रस्सा झकास झाला. बांगडा मात्र त्यात हुडकावा लागला. काटे तेवढे शाबूत होते. आईनं ताटातला एक काटा उचलून उजेडाला धरला आणि विचारलं, "मासं घातलंयस व्हय रे ह्यात?"

चूक मसाल्याची नव्हती, हाताच्या वळणाची होती. आम्हा कोल्हापूरकरांचा हात मटणावर बसलेला. मटण शिजायला वेळ घेतं, मसाला रिचवतं, आणि जितकं रटरटेल तितकं मऊ होतं. तारली-बांगड्याचं सगळं उलटं. त्यांचं मांस दहा मिनिटांच्या आत शिजतं आणि त्यापुढं फक्त फुटतं. बकऱ्याची चरबी गार झाली की ताटलीवर थिजते. या माशांचं तेल फ्रीजमध्येसुद्धा पातळच राहतं. त्या पातळपणातच त्याची चव आहे, आणि ते लवकर बिघडतं तेही त्याच गुणामुळं. म्हणून ही मासळी गार ठेवायची, आंबटात घालायची आणि चुलीवरून लवकर उतरवायची. पुढं जे सांगतोय ते एवढ्याचंच सविस्तर.

कोणती मासळी

लहान आणि तेलकट म्हणजे आपल्याकडं मुख्यतः तीन नावं: तारली, पेडवे आणि बांगडा. तारली वीतभरापेक्षा थोडी कमी, चपटी, रुपेरी, पाठ निळसर हिरवी. किलोत साधारण वीस-पंचवीस बसतात. पेडवे तारलीच्याच कुळातले, पण बोटाएवढे. बांगडा गोलसर, जाड, पाठीवर गडद पट्टे-ठिपके. किलोत पाच ते सात. मांदेलीही लहानच, पण तिला तेल बेताचं, आणि ती कुरकुरीत तळण्यासाठीच जन्माला आलेली असते. तिचा विषय इथं नको.

हे मासे समुद्रातल्या बारीक तरंगत्या जीवांवर आणि वनस्पतींवर जगतात आणि त्यांचं आयुष्यही थोडं असतं. त्यामुळं सुरमई किंवा मुशीसारख्या मोठ्या शिकारी माशांच्या अंगात जसा पारा साठत जातो तसा यांच्यात साठत नाही. डॉक्टर ज्या ओमेगा-३ साठी गोळ्या लिहून देतात ते यांच्या तेलात असतंच, आणि पापलेटच्या मानानं दामही थोडा. ज्यांना युरिक अॅसिडचा किंवा गाउटचा त्रास आहे त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच खावं. तारलीत प्युरीन, म्हणजे अंगात ज्याचं युरिक अॅसिड होतं ते द्रव्य, बरंच असतं.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. त्या काळात बाजारात दिसणारा बांगडा बहुधा साठवणीतला किंवा लांबून आलेला. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा आत जातात, पण आपल्याकडं श्रावण असतो, मग गणपती. घाटावरच्या माणसाची खरी सुरुवात दसऱ्याच्या आसपास होते, आणि ते चांगलंच आहे. पावसाळ्यात अंडी घालून हडकलेली तारली तोवर पुन्हा खाऊन-पिऊन भरलेली असते. ऑक्टोबर ते डिसेंबरमधली तारली तव्यावर टाकली की तेल तिचं तीच सोडते. एप्रिलमधल्या तारलीला तेवढंच तेल आपल्याला ओतावं लागतं.

घेताना: बर्फ बघू नका, डोळा बघा

पंचगंगेच्या मरळ-वामीवर वाढलेल्या माणसाची ताज्याची व्याख्या एकच असते, मासा उडी मारतोय की नाही. समुद्राच्या मासळीला ती लावता येत नाही. रत्नागिरीहून आंबा घाटानं, मालवण-देवगडकडून करूळ, भुईबावडा किंवा फोंडा घाटानं, वेंगुर्ल्याकडून आंबोलीमार्गे, अशी ती शंभर-दीडशे किलोमीटर बर्फात बसून येते. ताजी म्हणजे इथं "नीट बर्फात आलेली", एवढाच अर्थ धरायचा.

माझा शहाणपणा सगळा एका मासेवाल्या मावशींकडून उसना घेतलेला. एकदा मी बर्फाचा मोठा ढीग बघून तिकडं वळलो, तर त्या म्हणाल्या, "दादा, बर्फ काय, कुठल्याबी माशावर घालता येतोय. डोळा बघा डोळा." डोळा फुगीर, काचेसारखा स्वच्छ पाहिजे, आत बसलेला, दुधाळ झालेला नको. कल्ल्याचं झाकण नखानं उचला, आत लाल किंवा गडद गुलाबी दिसलं पाहिजे. तपकिरी आणि बुळबुळीत दिसलं तर पुढं चला. बोटानं पाठ दाबली की खळगा लगेच भरून यायला हवा. आडवा हातात धरलेला बांगडा ताठ राहिला तर उत्तम. दोन्हीकडं लोंबला तर त्याला बरेच तास झालेत.

तारलीसाठी आणखी एक खूण. तिचं पोट आधी फुटतं. तिच्या आतड्यातले पाचक रस मेल्यावरही काम करत राहतात आणि आतून पोटाची पातळ भिंत खातात. टोपलीतल्या एखाददुसऱ्या तारलीचं पोट फुटलेलं असणं चालतं, निम्म्यांचं फुटलेलं असेल तर ती टोपली सोडा. आणि वास घ्या, लाजू नका. समुद्राचा, शेवाळासारखा वास ठीक. शेंगदाणा तेलाचा रिकामा डबा महिनाभर उघडा राहिल्यावर जसा येतो तसा खवट वास आला, किंवा पोटाच्या कडेनं पिवळसर झाक दिसली, तर त्यातलं तेल हवेनं बिघडलंय. ते कुठल्याही मसाल्यानं झाकत नाही.

वाराचाही हिशेब असतो. बुधवारी आणि रविवारी गिऱ्हाईक जास्त, त्यामुळं माल राहत नाही. सोमवारी-गुरुवारी वार पाळणारे बरेच, आणि त्या दिवशी टोपलीत कालचं काही पडून असण्याची शक्यता मोठी. मी तरी त्या दिवशी अंडी आणतो.

घरी येईपर्यंत

आमच्या इथली लोकं सगळ्यात जास्त चुकतात ती इथं. रविवारी सकाळी आठला मासे घेतले, पिशवी हँडलला अडकवली, मग लक्ष्मीपुरीत भाजी, मग कुणीतरी भेटलं म्हणून मिसळ, आणि साडेदहाला घरी.

बांगडा आणि तारली यांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं एक द्रव्य भरपूर असतं. मासा गरम राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. असा मासा खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोनेक तासांत तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं दुखतं, ओठ-जीभ चुणचुणतात. लोक म्हणतात, "मासा बाधला" किंवा "अॅलर्जी आहे". बऱ्याचदा अॅलर्जी नसते, पिशवी उन्हात राहिलेली असते. आणि एकदा हिस्टामिन तयार झालं की शिजवून, तळून, कुकरला लावून काही उपयोग नाही. ते उष्णतेनं जात नाही. चिंच-कोकमानंही जात नाही. असा त्रास झाला तर डॉक्टरकडं जा, श्वासाला अडचण वाटली तर लगेच जा, आणि काय खाल्लं होतं ते सांगा.

म्हणून घरातून निघतानाच झाकणाचा डबा घ्या, त्यात बर्फाचा एक ट्रे रिकामा करा. मासळी सगळ्यात शेवटी घ्या, भाजी आधी. मासेवाल्याकडून मूठभर बर्फ मागून घ्यायला संकोच नको. एरवी दोन तास, उन्हाळ्यात एक तास, याच्यापलीकडं मासा बर्फाबाहेर राहू देऊ नका. घरी आल्यावर आधी मासे, मग चहा.

नीट करणं

मासेवाली मावशी साफ करून देते, पैसेही फारसे घेत नाही. बांगडे मी तिच्याकडूनच कापून घेतो. तारली आणि पेडवे मात्र घरी करतो, कारण गर्दीच्या वेळी एवढ्या बारीक माशाकडं कोण लक्ष देणार, आणि एकाच बादलीच्या पाण्यात सगळ्यांचे मासे बुचकळलेले मला आवडत नाहीत.

विळी लागत नाही. स्वयंपाकाची धारदार कात्री, जुनी वर्तमानपत्रं, दोन पातेली आणि बर्फ घातलेलं गार पाणी एवढं पुरे. एका वेळी पाव किलोच बाहेर काढा, बाकीचे फ्रीजमध्येच राहू द्या.

तारलीचे खवले सैल असतात. पाण्याखाली धरून अंगठ्यानं शेपटीकडून डोक्याकडं घासले की निघतात. पाण्याबाहेर घासाल तर टिकल्या भिंतीवर जाऊन चिकटतील आणि चार दिवसांनी सापडतील. मग कात्रीनं बाजूचे आणि पाठीवरचे पर कापा. डोकं कापताना पूर्ण तोडू नका: पाठीकडून कण्यापर्यंत कापा, मग डोकं खाली ओढा. कल्ले आणि आतडं त्याच्यामागून एका ओढीत बाहेर येतं. हे दहाव्या तारलीला जमतं, पहिल्या नऊ गनिमासारख्या लढतात. पोटाखालची बारीक करवती धार कात्रीनं दोऱ्याएवढी कापून टाका. तोंडाला टोचते तीच.

आत दोन गोष्टी बघायच्या. पोटाच्या भिंतीला आतून काळसर पापुद्रा असतो, तो बोटानं पुसून काढा; राहिला तर कडवटपणा येतो. आणि कण्याला चिकटून रक्ताची गडद रेघ असते. ती अंगठ्याच्या नखानं किंवा जुन्या टूथब्रशनं खरवडा. घरात जो "माशाचा वास" म्हणतात त्याचा बराच वाटा या रेघेचा. बांगड्यात ती ठळक असते, म्हणून मावशीकडून कापून आणला तरी घरी प्रत्येक बांगड्याचं पोट उघडून बघा. गाबोळी, म्हणजे माशाची अंडी, निघाली तर टाकू नका. मीठ-हळद लावून वेगळी ठेवा, ती शेवटी त्याच तव्यावर दोन मिनिटांत होते आणि घरात त्यावरून भांडणं होतात.

पेडव्यांना एवढं कौतुक नको. डोकं चिमटून ओढलं की आतडं येतं. अर्धा किलो पेडवे गाणी ऐकत अर्ध्या तासात होतात.

धुणं. इथंही मटणाची सवय आडवी येते. आपण मटण चार-चार पाण्यानं धुतो. मासा अख्खा असतानाच धुवायचा, साफ करून झाल्यावर वाहत्या गार पाण्याखाली एकदा, आणि पुरे. तुकडे केल्यावर धुतलात तर चव पाण्याबरोबर गेली. पाण्यात भिजत तर मुळीच ठेवू नका. धुऊन झालं की मीठ चोळून दहा मिनिटं चाळणीत तिरपे ठेवा. खाली जे गढूळ पाणी साचतं त्यात निम्मा वास निघून जातो, आणि मांस घट्ट होतं. ते पाणी फेका, मासे स्वच्छ फडक्यानं टिपून घ्या. मगच हळद आणि आंबट.

वासाचं कारण काही अमाइन जातीची द्रव्यं असतात. आंबटानं ती बांधली जातात आणि मग हवेत उडत नाहीत. चिंच, कोकम, लिंबू हे चवीपुरते आहेत असं आपल्याला वाटतं. त्यांचं अर्धं काम नाकाशी आहे.

आतडी-डोकी वर्तमानपत्रात, मग जुन्या पिशवीत गच्च बांधून फ्रीझरमध्ये ठेवा आणि घंटागाडी आली की द्या. घरचे नाक मुरडतील, पण उन्हात कचऱ्याच्या डब्यात ठेवण्यापेक्षा हे बरं. मी एकदा खत होईल म्हणून जास्वंदीच्या बुडाशी पुरली होती, वीतभरच खोल. रात्रीत गल्लीतल्या कुत्र्यांनी जास्वंदीसकट सगळं उकरलं. पुरायचीच तर दीड-दोन फूट खोल, वर दगड.

ठेवायची असली तर

त्याच दिवशी खा. ते जमत नसेल तर साफ करून, टिपून, मीठ-हळद लावून झाकणाच्या डब्यात फ्रीजच्या सगळ्यात गार कप्प्यात एक रात्र. फ्रीझरमध्ये ठेवताना हवा लागू देऊ नका, कारण हे तेल गोठलेल्या माशातही सावकाश खवट होत राहतं. बांगडे ताटात वेगवेगळे गोठवायचे, मग बर्फाच्या पाण्यात बुचकळून पुन्हा गोठवायचे, म्हणजे अंगावर बर्फाचा पातळ काचेसारखा थर बसतो. त्यानंतर पिशवीतली हवा दाबून काढून बांधा. दोन महिने चांगले राहतात. तारली महिन्याच्या आतच संपवावी असं माझं मत. वितळवायची ती रात्रभर फ्रीजमध्ये, ओट्यावर नाही.

तव्यावरची तारली

सुरुवात याच्यापासून करा. अर्धा किलो साफ केलेली तारली अख्खीच ठेवा, दोन्ही अंगांना दोन-दोन उथळ चिरा द्या. आठ लसूण पाकळ्या आणि बोटाच्या पेराएवढं आलं वाटून घ्या. त्यात अर्धा चमचा हळद, दोन चमचे साधं लाल तिखट आणि एक मोठा चमचा चिंचेचा दाट कोळ किंवा दोन चमचे कोकमाचं आगळ. मीठ बेतानं, आधी चोळलेलं असतं.

तिखट हा शब्द इथं मुद्दाम लिहिला. आमच्याकडं "चटणी" म्हटलं की कांदा-लसूण चटणीच. तिच्यात कांदा, लसूण, खोबरं आणि खडा मसाला आधीच असतो. ती माशाला लावून तव्यावर टाकली की मासा व्हायच्या आत चटणी करपते, आणि लवंग-दालचिनी तारलीच्या तेलाच्या डोक्यावर बसतात. रंगाला ब्याडगी आणि तिखटाला थोडी संकेश्वरी, नुसती कुटलेली, एवढंच वापरा.

पंधरा-वीस मिनिटं मुरू द्या. रात्रभर मुरवणं हा मटणाचा धडा. आंबटात रात्रभर ठेवलेली तारली सकाळी हातात धरवत नाही.

बिडाचा तवा असेल तर तो काढा. चांगला तापू द्या. दोन वाटा तांदळाचं पीठ आणि एक वाटा बारीक रवा मिसळून त्यात तारली घोळवा, झटकून जादा पीठ पाडा. तव्यावर शेंगदाणा तेल दोन-तीन चमचेच. ऑक्टोबरपासून पुढची तारली उरलेलं स्वतः पुरवते. मासे खेटून ठेवू नका, नाहीतर भाजण्याऐवजी वाफवले जातील. मध्यम मोठ्या आचेवर तीन मिनिटं, आणि त्या तीन मिनिटांत हात लावायचा नाही. मासा तयार झाला की तवा आपणहून सोडतो. चिकटला असेल तर त्याचा अर्थ एकच, अजून वेळ आहे. उलटा, दोन मिनिटं, उतरवा. बांगड्याला हेच, पण चिरा कण्यापर्यंत खोल आणि वेळ एका बाजूला पाच, दुसऱ्या बाजूला चार मिनिटं, आच थोडी कमी.

कागदावर काढून झाकू नका. झाकलं की वाफेनं रवा मऊ पडतो.

बांगड्याचं तिखलं

हे मूळ कोकणातलं, आणि माझ्या मते तेलकट माशाला एवढं शोभणारं दुसरं कालवण नाही. त्याचा प्राण म्हणजे तिरफळ. आमच्याकडच्या स्वयंपाकात ते सहसा नसतं, म्हणून मसाल्याच्या दुकानात मागितलं की दुकानदार आधी चेहरा बघतो. मिरीएवढी खडबडीत, फुटलेली फळं असतात. वास लिंबाच्या सालीसारखा आणि जिभेला झिणझिण्या आणणारा. आतलं काळं बी काढून टाकायचं, साल ठेवायची. पापलेटसारख्या सौम्य माशात ते घातलं तर फक्त तिरफळच लागतं. बांगडा-तारलीच्या तेलासमोरच ते बरोबरीनं उभं राहतं.

चार बांगडे, प्रत्येकाचे दोन-तीन तुकडे. एक वाटी ओलं खोबरं, आठ ब्याडगी मिरच्या आणि दोन संकेश्वरी अर्धा तास गरम पाण्यात भिजवलेल्या, एक चमचा धणे, अर्धा चमचा हळद, सुपारीएवढी चिंच. हे सगळं कच्चंच, गंधासारखं बारीक वाटा. भाजायचं नाही. खोबरं भाजायला हात आपोआप कढईकडं जातो, त्याला आवरा.

वाटण पसरट पातेल्यात घ्या, दीड वाटी पाणी, मीठ, चार-पाच आमसुलं. दहा-बारा तिरफळं चमचाभर पाण्यात जराशी ठेचून त्या पाण्यासकट घाला; वाटणात वाटू नका, कडू होतं. याला फोडणी नाही. आधी नुसत्या रश्श्याला पाच मिनिटं उकळी येऊ द्या, म्हणजे मिरचीचा कच्चेपणा जातो. मग तुकडे एकाच थरात सोडा, आच कमी करा, आणि सात-आठ मिनिटं. पळी घालायची नाही. ढवळावंसं वाटलं तर पातेलं दोन्ही कानांना धरून हलवा. सगळ्यात जाड तुकड्यात सुरीचं टोक घालून बघा, मांस काट्यापासून सहज सुटलं की झालं. वरून एक चमचा कच्चं खोबरेल घातलं तर बरं, नसेल घरात पसंत तर सोडून द्या.

लगेच वाढू नका. तासभर झाकून ठेवलं की आंबट-तिखट माशात उतरतं. आजऱ्याच्या घनसाळ तांदळाचा भात मिळाला तर त्याच्याबरोबर. ज्वारीची भाकरी चालते, पण तिखल्याला भातच खरा.

चटणी घालायचीच असेल तर

घरात एक तरी माणूस असतं ज्याला चटणीशिवाय जेवण झाल्यासारखं वाटत नाही. आमच्याकडं ते वडील. त्यांच्यासाठी तडजोड अशी. दोन चमचे तेलात आठ ठेचलेल्या लसूण पाकळ्या आणि एक लहान कांदा परता. गॅस बारीक करून दोन चमचे कांदा-लसूण चटणी घाला, दहा सेकंद, लगेच अर्धी वाटी ओल्या खोबऱ्याचं वाटण आणि अडीच वाट्या पाणी. तीळ, खसखस, गरम मसाला काही नाही. चटणीत जे आहे ते रगड. चार आमसुलं, किंवा चैत्र-वैशाखात कैरीच्या फोडी. पाच-सात मिनिटं खळखळू द्या, मग अर्धा किलो तारली सोडा, चार-पाच मिनिटांत उतरवा. मसाला माशाशिवाय शिजवायचा आणि मासा शेवटी घालायचा, एवढं एक पाळलं तर कोल्हापुरी कालवणसुद्धा माशाला मानवतं. वडील अजूनही म्हणतात, पातळ झालंय. म्हणोत.

कुकरमधले पेडवे

इथं माझाच नियम मोडतो, कारण इथं वेळच लागतो. लहान मुलं आणि म्हातारी माणसं काट्यांना भितात. त्यांच्यासाठी हा प्रकार. तळाला कांद्याच्या चकत्या, त्यावर अर्धा किलो साफ केलेले पेडवे किंवा लहान तारल्या, मधेमधे दहा लसूण पाकळ्या, चार उभ्या चिरलेल्या मिरच्या, कढीपत्ता, हळद, मीठ, दोन चमचे तेल, एक मोठा चमचा चिंचेचा कोळ आणि दीड वाटी पाणी. एक शिट्टी झाली की आच अगदी बारीक करून पंचवीस मिनिटं. कुकर आपोआप गार होऊ द्या, घाईनं वाफ सोडली तर मासे फुटतात. मग झाकण काढून जादा पाणी आटवा.

मासा अख्खा दिसतो, पण काटा दातांखाली खडूसारखा चुरतो. काटे पोटात जातात म्हणजे कॅल्शियमही जातं. कण्याचा एखादा काटा बोटांनी चुरून बघा. अजून कडक लागला तर थोडं पाणी घालून पुन्हा दहा मिनिटं. बांगड्याला हा प्रयोग करू नका, त्याचा कणा जाड असतो आणि तोवर मांसाचा भुगा होतो.

खाताना आणि नंतर

तळलेली तारली पाठीकडून बोटानं उघडायची, वरचं मांस बाजूला सारायचं, मग शेपटीकडून कणा उचलायचा. बरगड्यांसकट एका पट्टीत निघतो. काटा घशात अडकला तर कोरड्या भाताचे मोठे घास गिळण्याचा घरगुती सल्ला सगळे देतात. तो ऐकू नका, काटा आणखी खोल रुतू शकतो. खोकून-पाणी पिऊन गेला तर ठीक, नाहीतर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं.

भांडी आधी गार पाण्यानं, मग साबणानं. आधीच गरम पाणी ओतलं तर माशाचा चिकट अंश शिजून भांड्याला धरतो. हाताला बेसन आणि लिंबाची पिळलेली साल चोळा. अपार्टमेंटमध्ये शेजारी शाकाहारी असतील तर तळताना खिडकी उघडी आणि जिन्याकडचं दार बंद, आणि तळल्यानंतरचं तेल लगेच काढून टाका. घरात दुसऱ्या दिवशी जो वास रेंगाळतो तो बहुतेक त्या तेलाचाच असतो. ते पुन्हा भज्यांना वापरायचा विचारही नको.

तिखलं उरलं तर गार झाल्यावर फ्रीजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी एकदाच नीट उकळून संपवायचं. तळलेली तारली उरली तर मात्र तापवू नका. मायक्रोवेव्हमध्ये तर नाहीच, सगळं घर सांगेल काय चाललंय ते. काटे काढून मांस कुस्करा, त्यात बारीक चिरलेला कच्चा कांदा, कोथिंबीर, हिरवी मिरची, ओलं खोबरं आणि आगळाचे चार थेंब. सकाळच्या गरम भाकरीवर ही कोशिंबीर घ्यायची. आमच्या घरात ती माझ्या ताटात येईपर्यंत उरत नाही, म्हणून मी आता रविवारी दोन तारल्या मुद्दाम जास्त तळतो आणि डब्यावर काही न लिहिता मागच्या बाजूला लपवून ठेवतो.